लाल खुणांच्या लेले मॅडम

आमच्या विद्यापीठातल्या लेले मॅडम विद्यार्थ्यांना नावानं ओळखत नाहीत, खोलीवरून ओळखतात. एकदा कँटीनमध्ये त्यांनी एका पोराला थांबवलं. “तुमच्या कपाटाचं डावं दार लागत नाही ना? बिजागरी बघून घ्या.” पोरगा हातातला समोसा विसरून बघतच राहिला. बाई आपल्या घरी कधी येऊन गेल्या, हेच त्याला कळेना.

मॅडम कुठेही गेल्या नव्हत्या. ऑनलाइन परीक्षेत विद्यार्थ्याचा कॅमेरा चालू असतो आणि कॉपीचा संशय आला की सॉफ्टवेअर लाल खूण करतं. या लाल खुणा कितपत खऱ्या, यावर मॅडमचं संशोधन. शारजातल्या ऑफिसात बसून त्या दिवसभर रेकॉर्डिंग बघतात. मी परीक्षा विभागातला, पण माझं टेबल त्यांच्या शेजारी. प्रत्येक खुणेला त्यांचा एकच प्रश्न: “कारण काय?” एक मुलगी सारखी छताकडे बघत होती. चौकशी केली तर पाल निघाली. मॅडमनी अहवालात ‘पाल’ असंच लिहिलं.

चहा अगोड झाला तरी ऑफिसबॉयला तेच. “कारण काय?”

“शक्कर खलास, मॅडम.”

मग संतोषचं प्रकरण आलं. संतोष मूळचा संगमेश्वरचा, वय तिशीचं, इथल्याच हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यात फिटर. नोकरी सांभाळून आमची पदवी करत होता. पेपरभर तो दर दोन मिनिटांनी डावीकडे, खाली बघत होता. परीक्षा समितीच्या मते प्रकरण सरळ होतं: कॉपी, वर्ष बाद.

“कुलकर्णी, गाडी काढा,” मॅडम म्हणाल्या. “कॅमेऱ्यात न आलेली बाजू बघू.”

कामगार वसाहतीतल्या संतोषच्या खोलीत चार बंक, मध्ये जेमतेम उभं राहण्यापुरती जागा. संतोष घाबरून दारातच उभा.

“डावीकडे काय होतं?”

“खालच्या बंकवर शफीकभाई झोपले होते, मॅडम. नाइट ड्यूटी करून आलेले.”

“मग?”

“कीबोर्डचा आवाज होतो. जागे होतात का ते बघत होतो. संध्याकाळी परत क्रेनवर चढायचं असतं त्यांना. झोप झाली नाही तर वरून पडेल की माणूस.”

मॅडमनी वहीत लिहिलं, ‘शफीकभाईंची झोप.’ समितीपुढेही तेवढंच वाचून दाखवलं. समितीतले दोघं हसले. मॅडम हसल्या नाहीत आणि खाली बसायलाही तयार होईनात. अखेर पेपर पुन्हा घ्यायचं ठरलं, पण शांत जागेत आणि माझ्या देखरेखीखाली. संतोषला सुटी फक्त रविवारी, तेव्हा विद्यापीठ बंद. “माझ्या घरी घ्या,” मॅडम म्हणाल्या.

रविवारी संतोष त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसला. पेपर होईपर्यंत मॅडम स्वयंपाकघरात कुकरसुद्धा न लावता बसून होत्या. लिहून झाल्यावर तो वाकून पाया पडला आणि बस गाठायला पळाला. पुढे तो चांगल्या मार्कांनी पास झाला.

त्या रविवारी तो गेल्यावर मी कागद पाकिटात भरत होतो. मॅडम बाहेर येऊन त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मिस्टर गेल्यापासून आपण ओट्याशी उभ्यानंच जेवतो, असं त्यांनी सहज सांगितलं. मी पाकीट चिकटवलं.

“कुलकर्णी, हे टेबल सहा जणांचं आहे. तुमच्या लाल खुणांच्या यादीत शांत जागा नसलेले आणखी कोण कोण आहेत?”

“आहेत की, बरेच आहेत.”

“बोलवा त्यांना,” त्या म्हणाल्या. “आणि जेवूनच जायचं, म्हणावं.”