मधुकाकांच्या फोनची घडी

आमच्या इमारतीतले मधुकाका वडनेरे दर महिन्याला रुमालांच्या घड्या बदलतात. वापरातल्या रुमालांच्या नव्हे, कपाटात नुसत्या पडून असलेल्या रुमालांच्या. उभी घडी असेल तर आडवी करतात, आडवी असेल तर तिरकी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी हरवलंय आणि ते शोधतायत. मदतीला गेलो तर त्यांनी निम्मे रुमाल माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "घडी एका जागी राहिली की कापड तिथेच कापतं, ग्रॅज्युएट. घडीला सवय लागू द्यायची नाही."

काका मूळचे येवल्याचे. जुन्या नाशकातल्या एका पैठणीच्या दुकानात त्यांचं सगळं आयुष्य गादीवर बसून गेलं. पैठणी कपाटात एकाच घडीवर पडून राहिली की जरीची तार त्या रेषेवर तुटते, म्हणून अधूनमधून तिची घडी बदलावी लागते, हे येवल्यात घरोघरी माहीत असतं. पण येवल्यातले लोक हा नियम पैठणीपुरता ठेवतात. काकांनी तो संपूर्ण सृष्टीला लावला. ते वाचून झालेला पेपर उलट घडी घालून ठेवतात. बागेतल्या बाकावर रोज वेगळ्या जागी बसतात, कारण "बाकालासुद्धा एकीकडे ओझं नको." भाजीला एक दिवस पुढच्या रस्त्याने जातात, एक दिवस मागच्या. मागच्या रस्त्यावर भाजी मिळत नाही, तरी जातात.

दिवाळीच्या आधी त्यांची फेरी असते. "वहिनी, पैठणी काढा," म्हणत ते घरोघर जातात, साडी सतरंजीवर उलगडतात, नवी घडी घालतात आणि मलमलीत गुंडाळून आत दोन-चार लवंगा टाकतात. डांबराच्या गोळ्या सापडल्या की त्या घराशी त्यांचं काही दिवस बोलणं तुटतं.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "उलटी बाजू दाखव." खरी पैठणी उलट बाजूनेही सुलट बाजूइतकीच सुबक दिसते म्हणे. त्यामुळे काका वांगं उलटं करून बघतात, लग्नपत्रिका उलटी करून बघतात. आमच्या लग्नातली लताची पैठणी त्यांनी अशीच उलटून बघितली. बराच वेळ बघितली. मग हळूच म्हणाले, "नेसत जा सूनबाई. रंग चांगला आहे." लता हुशार आहे. तिला जे कळायचं ते कळलं, आणि पुढचे काही दिवस काकांच्या चहात साखर कमी पडत होती.

हे सगळं हसत हसत सांगतोय, पण काकांचे माझ्यावर उपकार आहेत. मी बागलाणातल्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला. इतिहासात बी.ए. झालो, कॉलेजच्या ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली आणि नाशकात भाड्याने घर शोधायला लागलो. घरमालक गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग घर आधीच दिलेलं असायचं. या इमारतीतही तेच चाललं होतं. तेवढ्यात जिन्यावरून एक म्हातारे गृहस्थ पिशवीची घडी घालत उतरले आणि मालकांना म्हणाले, "पोराची उलटी बाजू मी बघितलीय. देऊन टाका." त्यांनी मला त्याआधी कधीही पाहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी त्यांचा ग्रॅज्युएट. नळ गळायला लागला, टीव्हीवर मुंग्या आल्या, डॉक्टरांचं अक्षर लागेना, की हाक येते, "ग्रॅज्युएट, बघ रे जरा." इतिहासाच्या पदवीचा आणि नळाचा संबंध काय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझ्या पदवीवर इतका विश्वास माझ्या वडिलांनंतर त्यांनीच ठेवला आहे.

तर फोन.

काकांची मुलगी मुग्धा कॅनडात असते. काकू वारल्यावर तिने वडिलांसाठी मधोमध मिटणारा फोन पाठवला. बंद केला की पावडरच्या डबीएवढा होतो, उघडला की लांबलचक. सगळी इमारत तो बघायला जमली. काकांनी तो उघडला, पडद्यावर मधोमध असलेल्या बारीक पन्हाळीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे ही घडी रोज इथेच पडणार?"

"हो काका. बिजागरीच तिथे आहे."

"बदलता येत नाही?"

"नाही."

"कंपनीत कपड्यातलं कळणारं कोणी ठेवलेलं दिसत नाही," ते म्हणाले.

त्यावर त्यांनी आपल्या परीने तोड काढली. काम नसलं की फोन देवघराशेजारी उघडा आडवा ठेवायचा. "घडीला पाठ टेकू दे," म्हणायचे. आणि घराबाहेर पडताना तो मिटून, मलमलीत गुंडाळून, खिशात.

एका गुरुवारी तो फोन चार्ज होईना. वायर लावली तरी पडदा काळाच. काका वर आले ते चपला न घालता. "ग्रॅज्युएट, रविवारी संध्याकाळी मुग्धाचा फोन असतो. तोवर हा उठला पाहिजे."

दर रविवारी, आपल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेला, तिचा व्हिडिओ कॉल येतो, हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. त्या वेळी काकांच्या दारावर कोणी बेल वाजवत नाही.

मी वायर बदलली. चार्जर बदलला. लताचा चार्जर लावला. बटण दाबून धरलं, मग सोडलं, मग पुन्हा धरलं, कारण इंटरनेटवर एक माणूस तसं करत होता आणि त्याच्या मागे छान संगीत चालू होतं. काही झालं नाही. काका शेजारी बसून म्हणत होते, "घडीच तुटली आहे. आतली जरीची तार गेली असणार."

शेवटी मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. एकाने लिहिलं, तांदळात ठेवा. दुसऱ्याने लिहिलं, फ्रीजमध्ये ठेवा. तिसऱ्याने सगळा दोष परदेशी वस्तूंवर ठेवला. ते लिहायला त्याने कुठल्या देशाचा फोन वापरला ते विचारलं नाही. सेक्रेटरींनी आठवण करून दिली की ग्रुप फक्त पाण्याच्या तक्रारींसाठी आहे. मग एका काकूंनी गुलाबाच्या चित्रासह शुभ सकाळ पाठवलं आणि चर्चा संपली. काकांनी तांदळाचा उपाय मनावर घेतला होता. "कोणत्या तांदळात?" त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. "इंद्रायणी चिकट असतो, कोलम ठेवू ना?"

शनिवारी आम्ही रिक्षाने कॉलेज रोडवरच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काकांनी फोन मलमलीत गुंडाळून मांडीवर धरला होता, आजारी मांजर धरावं तसा. रिक्षात लवंगेचा वास येत होता. मी विचारलं, "काका, दाढ दुखतेय का?" ते म्हणाले, "दाढ कुठली, कवळी आहे," आणि रिक्षाबाहेर बघत राहिले.

सर्व्हिस सेंटरमध्ये आमच्या कॉलेजच्या वाचनालयापेक्षा जास्त गारवा आणि जास्त शांतता होती. टोकन घेतलं. नंबर आल्यावर एका मुलीने हसून, हातातल्या पाटीसारख्या यंत्रात बघत प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"सर, फोन रीस्टार्ट करून बघितला का?"

"बंद आहे तो," काका म्हणाले.

"हो सर, पण रीस्टार्ट केला का?"

"बाई, मेलेल्या माणसाला उठून बस म्हणायचं का?"

तिने एक खूण केली. "चार्जिंगला लावून बघितला का?"

"त्यासाठीच तर आलोय."

तिने आणखी एक खूण केली आणि सांगितलं की बिजागरीचा दोष असू शकतो, बोर्डाचाही असू शकतो, फोन पुण्याला पाठवावा लागेल, पंधरा दिवस लागतील, आणि आतलं सगळं पुसलं जाईल.

"तुम्ही याची उलटी बाजू बघितलीत का?" काकांनी विचारलं.

"सर, आम्हाला इथे उघडून बघायची परवानगी नाही. आम्ही फक्त जमा करून घेतो."

"मग इथे दुरुस्त काय होतं?"

तिने यंत्रात बघितलं. मग तिला शिकवलेलं आठवलं असावं. "सर, इथे ग्राहकांचं समाधान होतं."

काकांनी फोन परत मलमलीत गुंडाळला. आम्ही दारापर्यंत आलो तेव्हा ती मागून म्हणाली, "सर, तुमच्या फोनवर आता एक मेसेज येईल. प्लीज पाच स्टार द्या हं." काकांनी हातातल्या गाठोड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि खरोखरच मान हलवून "देतो" म्हणाले. त्यांनीही सगळं आयुष्य काउंटरच्या त्याच बाजूला काढलं होतं.

रविवारी सकाळी ते फोन घेऊन पुन्हा आमच्याकडे येऊन बसले. दाढी केलेली नव्हती. लता म्हणाली, "काका, एवढी काय काळजी करता? माझा फोन घ्या ना संध्याकाळी. मुग्धाला कळवते मी."

"नको सूनबाई. हाच लागतो."

"अहो, चेहरा तोच दिसणार ना तिचा?"

"हाच लागतो," ते पुन्हा म्हणाले आणि आमच्या दोरीवरचा टॉवेल उचलून त्याची घडी घालायला लागले.

लता स्वयंपाकघरात येऊन मला हळू आवाजात म्हणाली, "आमच्या साध्या फोनला काय काटे आहेत का? लेकीने महागाचा पाठवला म्हणून साध्यावर बोलवत नाही आता." मलाही, खरं सांगायचं तर, तसंच वाटलं. म्हाताऱ्या माणसालाही थोडी ऐट असायचीच.

तरी ती बाहेर गेली, तिने फोन हातात घेतला, उलटसुलट केला आणि नाकाशी नेला.

"काका, याला पुलावाचा वास का येतोय?"

 मी माझ्या फोनचा टॉर्च लावला. लताने वायर घुसते त्या भोकात डोळा बारीक करून बघितलं. ती मालेगावकडची, फार नवल वाटलं की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी येते. "अहो, यामा लवंग शे," ती म्हणाली.

होती. फुटलेल्या लवंगेचा भुगा, त्यात मलमलीचे बारीक तंतू, आणि रोज वायर दाबून दाबून त्याची बनलेली एक घट्ट गोळी. काका फोनला पैठणीसारखेच जपत होते. मलमलीत गुंडाळताना नेमाने आत लवंगा टाकत होते.

"फोनला कसर लागते का हो काका?" लताने विचारलं.

"लागत नाही असं कोणी लिहून दिलंय का?" काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

लताने दात कोरायच्या लाकडी काडीने, श्वास धरून, ते सगळं उकरून काढलं. बशीत पडलेला भुगा काकांनी बोटाने चाळवून बघितला. "लवंग हलकी निघाली," ते म्हणाले. "चांगली लवंग अशी फुटत नाही."

मी वायर लावली. या वेळी ती शेवटपर्यंत आत गेली. पण पडदा काळाच राहिला. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला जागं व्हायला वेळ लागतो, असं मी म्हणालो. ते मी कुठे वाचलं होतं की काकांकडे बघून तेव्हाच रचलं, मला सांगता येणार नाही. काका गॅलरीत जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. लताने गुपचूप चहा टाकला.

चहा उकळायच्या आत पडद्यावर बॅटरीचं छोटं चित्र उमटलं.

"काका," मी हाक मारली. ते आले, बघितलं. आमच्या टॉवेलची मघाशी घातलेली घडी त्यांनी मोडली आणि नव्याने घातली. त्या दिवशीच्या चहात लताने साखर बेताची नाही, भरपूर घातली होती.

संध्याकाळी लताने शेवभाजी केली आणि वाटीवर झाकण ठेवून मला खाली पाठवलं. "बेल नको वाजवू. दार उघडं असलं तर ठेवून ये."

दार अर्धवट उघडं होतं. काका जेवायच्या छोट्या टेबलाशी बसले होते, दाढी करून, इस्त्रीच्या सदऱ्यात. समोर काकूंची खुर्ची. खुर्चीच्या बाजूला टेबलावर मलमलीची चौकोनी घडी, आणि तिच्यावर तो फोन, अर्धा मिटलेला, काटकोनात, स्वतःच्या बळावर ताठ बसलेला. वरच्या अर्ध्या भागात मुग्धा. तिच्याकडे सकाळ होती. ती पोहे खात होती.

"बाबा, भात घ्या अजून."

"घेतो. तू लिंबू पिळलंस का? ताट इकडे तिरकं कर, बघू."

काकांचे दोन्ही हात मोकळे होते. एका हाताने जेवत होते, दुसऱ्याने वाढून घेत होते. मधूनच त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्यासमोरून बाजूला सरकवला, कोणी बसलेलं असलं की आपण सरकवतो तसा.

तिचं खाणं उरकलं, रविवारचीही ड्यूटी होती, कामाला निघायचं होतं, ती उठली. पडदा काळा झाला. मी आत जाऊन वाटी ठेवली. काकांनी मला बघितलं.

"आधीचा फोन होता ना, तो हातात धरायला लागायचा," ते म्हणाले. "तांब्याला टेकवला की घसरून आमटीत. एक हात तिला धरण्यात जायचा, आणि ती म्हणायची, बाबा तुम्ही जेवत नाही. हा घडीचा आपला आपण बसतो. धरावा लागत नाही."

माझ्या लक्षात आलं की मी अजून उभा आहे. फोन अजून तसाच अर्धा मिटलेला, काळा, समोर बसलेला होता. त्याच घडीवर ताण पडत असणार, या विचाराने मी तो उचलून आडवा करायला हात पुढे केला.

"राहू दे," काका म्हणाले. त्यांनी ताटात ताकभात कालवला. "माझं व्हायचंय अजून. समोरचा जेवत असताना उठवू नये कुणाला."