मालकाचा फोटो

"भाऊजी, रागावू नका, पण तुमच्या चेहऱ्यावर लोकांचा विश्वास बसणार नाही," मेहुणा म्हणाला आणि सोफेवाल्यांच्या ओठांत धरलेला खिळा पोटात जाता जाता राहिला.

सोफे दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दुकानासमोरचा रस्ता एकेरी झाल्यापासून गिऱ्हाईक फिरकेनासं झालं होतं, म्हणून मेहुण्यानं त्यांना वेबसाइट काढून दिली. "ऑनलाइन सगळा खेळ विश्वासाचा," असं सांगून त्यानं 'आमचे मालक' या मथळ्याखाली स्वतःचाच फोटो टाकला. कोट, टाय, हाताची घडी. सोफेवाल्यांनी कपाळाला हात लावला. पण बायकोचा भाऊ, बोलणार काय?

फोन मात्र आला. हत्यारांची पिशवी घेऊन सोफेवाले पोचले, तर दार साखळीपुरतं उघडलं.

"साहेब कुठायत?" आतून एका आजोबांनी विचारलं.

"कुठले साहेब?"

"फोटोतले."

"तो माझा मेहुणा. मालक मीच."

"असं कोणीही म्हणेल," आजोबांनी धाडकन दार लावलं.

पुढच्या घरी त्यांनी मेहुण्याला सोबत नेलं. तिथल्या बाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. साहेबांनी सोफ्यावर दोन थापा मारल्या आणि संध्याकाळपर्यंत त्याचा पलंग करून द्यायचं कबूल करून टाकलं!

"अरे, मी स्प्रिंगा बदलायला आलोय!" सोफेवाले दातओठ खात म्हणाले. "याचा पलंग होत नसतो."

"साहेब हो म्हणतायत आणि तुम्ही नाही म्हणणारे कोण?" बाई कडाडल्या. "साहेब, उद्या दुसरा माणूस पाठवा."

घरी येताच सोफेवाल्यांनी मेहुण्याचा फोटो काढून स्वतःचा लावायला लावला. झालं! आजोबांनी वेबसाइटवर लिहिलं, 'सावधान! माझ्या दारात आलेल्या भामट्यानं आता वेबसाइटही बळकावली आहे. खऱ्या मालकांचं काय केलं, देव जाणे.'

मेहुण्यानं परस्पर उत्तर ठोकलं, 'मालक सुखरूप आहेत.'

त्याखाली बाईंनी विचारलं, 'मग फोन का उचलत नाहीत?'

"अहो, जे आहे ते सरळ लिहून टाका ना," शेवटी बायकोच वैतागली.

"तुझ्या भावाबद्दल?"

"माझाच भाऊ आहे, म्हणून तर सांगतेय!"

सोफेवाल्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'आधीचा फोटो माझ्या मेहुण्याचा होता. त्याला खिळासुद्धा ठोकता येत नाही. तो ठणठणीत आहे आणि आमच्याकडेच जेवतो. सोफे मी दुरुस्त करतो.'

आता वेबसाइट गुंडाळावी लागणार, अशी त्यांची खात्रीच झाली. तेवढ्यात फोन वाजला.

"मेहुणेवाले तुम्हीच ना?" एका गृहस्थांचा थकलेला आवाज.

"हो," सोफेवाले चाचरले.

"मग तुम्हीच या. आमचा सोफा तीन पायांवर उभा आहे. चौथा हवेत."

"असा कसा झाला हो?"

पलीकडचा आवाज एकदम दबका झाला.

"आमच्या मेहुण्यानं दुरुस्त केलाय. जरा घाईनं या. तो मोठी हातोडी आणायला गेलाय."