सदूच्या बिजागऱ्या

आमचा शेजारी सदू लोखंड चाटतो. वेडाबिडा नाही. मोटारीची बिजागरी घासून धुऊन झाली की जिभेला लावतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "अजून खारट." मग परत धुतो. आमचं घर भाट्याला, समुद्राला लागून. लोखंडावर मीठ राहिलं आणि वरून रंग मारला, तर रंगाखालून गंज फुटतो, असं त्याचं म्हणणं. लग्न झालं नाही ते कुणा बाईचं नशीब, असं मी त्याला तोंडावर सांगतो.

त्याच्या पडवीत बापाची जुनी टॅक्सी आहे, दारं काढून ठेवलेली. बाप वारल्यापासून सदू ती नव्यानं उभी करतोय. गंज दिसला की त्याचं एकच ओरडणं, "खातंय हो, खातंय!" मग तो बसस्टॉपचा खांब असो की देवळाचं गेट. माझी बायको गेली तेव्हा माणसं भेटायला आली, रडली. हा आला, खिडकीच्या गजाला नख लावलंन आणि म्हणतो, "अण्णा, खातंय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "चालता हो."

तिचा मात्र याच्यावर जीव. माहेर तिचं हेदवीचं. तिकडून कोकमाचे रातांबे आणायची, त्यांच्या रसाचं आगळ घालायची, आणि मीठ लावायच्या आधी थोडी सालं याच्यासाठी काढून ठेवायची. त्या सालांच्या पाण्यात हा बिजागऱ्या भिजत घालतो. आंबटानं गंज सुटतो. एकदा कोणा शहाण्यानं त्याला मिठातली आमसुलं दिलीन. सगळं सामान रातोरात लाल! तेव्हापासून हे चाटणं सुरू झालं. यंदा सालं त्यानं बाजारातून आणलीन.

परवा सकाळी बिजागऱ्या चकचकीत निघाल्या. सदूनं त्या पाटावर मांडून ठेवल्या. असं उघडं लोखंड झालं की त्याला प्रायमर लगेच मारायचा. दुपारी समुद्रावरचा खारा वारा सुटला की परत गंज, संपलं. प्रायमरचा डबा उघडायला जुना चमचा हवा म्हणून तो माझ्या स्वयंपाकघरात घुसला.

फळीवर तिच्या हातच्या आगळाची शेवटची बरणी आहे. मी ती उघडत नाही. पुसायलासुद्धा हलवत नाही. मागोमाग आत जाऊन बघतो, तर हा बरणीवर हात ठेवून उभा!

"सोड!" मी ओरडलो. "बिजागऱ्यांवर ओतायचंय ना तुला? हात तोडीन मेल्या!"

"हलू नका," तो हळूच म्हणाला. "अण्णा, खातंय."

बरणीचं पत्र्याचं झाकण कडेनं पोखरलं होतं. रोज बघतो, पण मला कधी दिसलंच नाही. गंजाचे पापुद्रे सुटून आत पडायच्या बेतात होते.

"जोर केला तर सगळा गंज आत जाईल. वहिनींच्या आगळाची काळी शाई होईल. तुम्ही बरणी धरा. ओढू नका."

"मी ओढत नाय."

"ओढताय."

त्यानं ओल्या फडक्यानं कडेचा गंज टिपून घेतलान. मग झाकण केसभर फिरवी, थांबे, बोटानं पुसे, परत फिरवी. मी बरणी छातीशी धरलेली. श्वास सोडायची भीती. बाहेर झावळ्या वाजायला लागल्या.

"सदू, वारा सुटला. तुझ्या बिजागऱ्या..."

"गप बसा हो. नीट धरा."

एक पापुद्रा सुटला. त्यानं तो वरच्यावर तळहातावर झेललान. झाकण वर आलं. आगळाचा वास घरभर झाला. मी भिंतीकडे बघत राहिलो.

बरणीच्या तोंडाला त्यानं धुतलेलं फडकं बांधलंन. मग झाकण घासलंन, धुतलंन, गॅसवर सुकवलंन, आतून मेण फिरवलंन आणि बाहेरून रंग द्यायला बसला. इतका सावकाश, की जसं काही दुसरं काम जगात नाही.

मी त्याच्या पडवीत जाऊन आलो. पाटावरच्या बिजागऱ्या सगळ्या तांबूस झाल्या होत्या.

"फुकट गेली की रे तुझी मेहनत," मी म्हटलं.

सदूनं मान वर केली नाही. झाकणावर फुंकर घालत म्हणाला, "त्या काय, परत भिजत घालता येतात."