नॅथनचा कोट आणि आठवा खण

ऐक ना यार, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. आपला पराग माहितीय ना? त्याने स्वतःचं कार्ड छापलं होतं : ‘पराग. मीरा-भाईंदरमधला सर्वांत तल्लख मेंदू. गुन्हा कितीही लहान चालेल.’ आणि अभिनव त्याचा असिस्टंट. म्हणजे ती कार्डं खिशात घेऊन फिरणारा.

तर साल दोन हजार दोन. अभिनव केबिन रोडला हंसाबेनच्या लाँड्रीत पार्टटाइम करायचा. कॉम्प्युटर क्लासमध्ये नुकतंच हॅशिंग शिकलेला, म्हणजे नंबरावरूनच वस्तूची जागा ठरवायची युक्ती, त्यामुळे गडी हवेत.

“हंसाबेन, पावत्या बंद! दहा खण करू, शून्य ते नऊ. गिऱ्हाइकाच्या फोन नंबरातल्या आकड्यांची बेरीज करायची, तिचा शेवटचा आकडा तोच खण. लायब्ऱ्या, बँका, डीएनए शोधणारे, सगळे असंच कायतरी करतात!”

डीएनएवाल्यांच्या रांगेत बसायला हंसाबेनला आवडलं. पावत्या बंद.

शनिवारी दुपारी तीनला किनाऱ्यावरच्या पाली गावचा नॅथन आला. केस चापूनचोपून, खाली हाफ पँट.

“माजा कोट द्या लवकर. पाचला चर्चमदी लगीन हाय.”

अभिनवने नंबर घेतला. बेरीज अठ्ठावीस, खण आठवा. कोट नाही. परत बेरीज केली, परत अठ्ठावीस. दुकानात सहाशे पुडकी, सगळी एकाच खाकी कागदात!

“न्हाय म्हंजे? इनेझ या चड्डीवर लगीन करनार हाय माज्याशी?”

हंसाबेन शांतपणे म्हणाली, “अभिनव, कोट नहीं मिला तो कल से मत आना.”

अभिनवने घाबरून परागला फोन लावला. पराग भिंग घेऊन हजर. आधी बाहेर शिडीवर चढलेल्या पेंटरला धरलं.

“दुकानावर पाळत ठेवतोस?”

“भाऊ, बोर्डावर फोन नंबराच्या आधी दोन रंगवतोय. आठवडा झाला, सगळ्यांच्याच फोनला दोन लागलाय. सकाळपासून हा चौदावा बोर्ड.”

“चौदा ठिकाणी पाळत! अभिनव, लिहून घे. टोळी आहे.”

मग आठव्या खणात डोकं घालून त्याने खोल श्वास घेतला. “डांबरगोळ्या. चोराने वास मागे ठेवलाय.” मग एकदम गर्रकन नॅथनकडे वळला. “नवरदेव, खरं सांगा. लग्न टाळायला कोट तुम्हीच पळवलात ना?”

नॅथनने त्याची कॉलर धरली. साडेतीन वाजले होते.

कोपऱ्यात इस्त्री करणाऱ्या विमलाबाई मान वर न करता म्हणाल्या, “दोन खण मागं बघा की.”

सहावा खण. वरून तिसरं पुडकं. कोट!

“मावशी, तुम्हाला कसं कळलं?”

“जुनी पुडकी आठवडाभर दोन खण मागंच सापडतायत. मी आपली काढून देते. का ते मला काय ठाऊक? मला कुणी विचारलं का?”

अभिनवने बाहेर पाहिलं. बोर्डावरचा दोन अजून ओला होता. नॅथनने कोट टाकला गेल्या महिन्यात, तेव्हा त्याच्या नंबराआधी दोन नव्हताच. बेरीज सव्वीस होती, म्हणजे खण सहावा!

“पेंटरवर संशय आहे, हे पहिल्यांदा कोण म्हणालं?” परागने कॉलर नीट केली.

नॅथनने हाफ पँटवरच कोट चढवला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

“ही बेरजेची आयडिया कोनाची?”

उजवा हात पुढे. पण शेकहँडला की थोबाडीला, काय कळेना. हंसाबेनही बघतेय. आणि परागने आयुष्यात पहिल्यांदा श्रेय दुसऱ्याला दिलं, सरळ अभिनवकडे बोट केलं.

आता बोल. तू अभिनवच्या जागी असतास, तर म्हणाला असतास ‘माझी’?