बिनवालाचा रस्सा

मटणाच्या रश्शात वाल घालणारा माणूस एकतर दरिद्री असतो नाहीतर लबाड, असं काळुरामाचं ठाम मत होतं. राणीसरकारच्या सबंध मुलखात आपल्यासारखा लालभडक रस्सा कुणाच्या हाताला जमत नाही, हेही त्याचंच मत. कल्याणच्या खाडीकाठी त्याचं मिठागर होतं, आणि मिठागराच्या मालकाला गावात नाही कोण म्हणणार?

त्या दिवशी त्याच्या लेकीची, जयाची, सुपारी फुटायची होती. दोन स्थळं आधीच मोडलेली. हे तिसरं, खडवलीच्या राघोच्या मुलाचं. जेवणं उरकली की सुपारी, असं ठरलेलं. काळुरामाच्या बायकोनं, सखुबाईनं, दोन दिवस खपून वालांना मोड आणून ते सोलून ठेवले होते. तिचं माहेर खडवलीचं, त्या पाहुण्यांच्या रीती तिला ठाऊक. ती सांगायला गेली, तर काळुरामानं तिला मध्येच तोडलं. मटण पुरवायला वाल ढकलले असं व्याही म्हणाले, तर अब्रू काय राहील? त्यानं सगळे वाल कोंबड्यांपुढे ओतले, स्वतः चुलीशी बसला आणि हात सैल सोडून लवंगी मिरची घातली.

पाहुणे पंगतीला बसले. राघोनं रश्शात बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. वाल काही लागेना, तसा त्याचा चेहरा उतरला.

"तुमचे घरान कोन वारला?" त्यानं हळूच विचारलं.

कुणी नाही, सगळे ठणठणीत आहेत, असं काळुरामानं हसत सांगितलं. पण राघो ताटावरून उठला होता. त्याच्या भावकीत बिनवालाचं मटण फक्त सुतक फिटल्याच्या दिवशी रांधत. मंगल कार्याला असलं जेवण वाढणाऱ्याची पोर घरात आणायची त्याची छाती होईना. काळुरामानं हात जोडले, आत्ता वाल शिजवतो म्हणाला, पण पाहुण्यांनी तोवर बैल जुंपलेसुद्धा.

काळुराम बायकोवर घसरला. "तुना आधी सांगाचा ना!"

"अठरा वरसां सांगतंय," सखुबाई म्हणाली आणि आत निघून गेली. काळुरामाला लाज वाटली, पण ती सांगायची कुणाला?

एवढं मटण वाया कसं घालवायचं, म्हणून गावाला बोलावलं. माणसं नाक पुसत, बोटं चाटत जेवली, आणि वाल नव्हते म्हणूनच ही चव, असं सगळ्यांनी एकमुखानं कबूल केलं. काळुरामाला मान डोलवावी लागली. आतल्या खोलीत जया नव्या लुगड्याची घडी घालत बसली होती. तिला जेवायला बोलवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.