शाब्बास म्हणायची जागा

नवा सोफा घरात टेकतो न टेकतो, तोच मुकादमानं त्याच्या पायावर आपला शिक्का उमटवला. मुकादम म्हणजे घड्याळजींचा कुत्रा. घरात आलेली वस्तू तो आधी हुंगून तपासायचा आणि मग मागचा पाय वर करून मंजूर करायचा, म्हणून हे नाव. आतापर्यंत पायपुसणं, धान्याची पिशवी आणि दारात उभ्यानं बोलत राहिलेला एक विमा एजंट मंजूर झाले होते. सोफा मात्र बायकोनं स्वतःच्या पसंतीनं आणला होता.

"आता घरात एकदा जरी याचा पाय वर झाला," फडकं पिळत ती म्हणाली, "की याची रवानगी माझ्या भावाच्या गोदामावर. राहील तिथे साखळीला. ठरलं म्हणजे ठरलं."

मुकादमाला पाठवणं घड्याळजींना शक्यच नव्हतं. दुकानातून परतल्यावर आपल्याला पाहून एवढा आनंद होणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. ते तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"रागवायचं अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "बाहेर केलं की लगेच कौतुक करा. मोठ्यानं, आणि मनापासून. वरवरचं असलं तर त्यांना कळतं."

तिथेच घोडं अडलं. कौतुक करणं हे घड्याळजींच्या स्वभावात नव्हतं. दुरुस्त केलेलं घड्याळ कानाला लावून "चालतंय" म्हणणं, हीच त्यांच्या कौतुकाची हद्द. मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा ते "ठीक आहे" म्हणाले होते, आणि जरा जास्तच बोललो असं वाटून वर्तमानपत्रामागे लपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमानं कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी पाय वर केला. घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुटपुटले, "बरं केलंस."

मुकादमानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसलेला दिसत नव्हता.

"अहो, चोरी केल्यासारखं काय बोलताय?" वरून खिडकीतून बायको म्हणाली. "मला इथवर ऐकू आलं पाहिजे."

घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. "शाब्बास," ते म्हणाले. मग आणखी थोडं वर चढवून, "शाब्बास रे माझ्या राजा." पेपरवाल्याची सायकल थांबली. घड्याळजींचे कान तापले, पण मुकादमाची शेपटी अशी काही हलली की ते दुसऱ्या दिवशी आपण होऊन आणखी मोठ्यानं ओरडले. हळूहळू त्यांना त्यात गोडी वाटू लागली. घर कोरडं राहिलं. घड्याळजी ताठ मानेनं चालू लागले. दुकानात सेल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते कुत्रा कसा शिकवावा हे सांगू लागले.

आणि एके दिवशी बायकोच्या बहिणीचा फोन आला. तिची नात चालायला लागली होती. "शाब्बास गं माझी सोनी," बायको फोनमध्ये म्हणाली. कोपऱ्यात पेंगत असलेला मुकादम उठला, शिस्तीत फ्रिजपाशी गेला आणि त्यानं पाय वर केला. घड्याळजींनी झेप घालून त्याला उचललं आणि तसंच खाली पळवलं.

"झाला नाही हो," जिन्यातूनच ते ओरडले. "पुरता वर झाला नाही."

"एवढ्यापुरतं सोडते," बायको म्हणाली.

धडा मुकादम शिकला होता, पण उलट्या टोकाकडून. शाब्बास ऐकलं की करायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. तेव्हापासून घरात शाब्बास, वा, छान हे सगळे शब्द बंद झाले.

"म्हणजे आता जेवण छान झालंय असंही म्हणायचं नाही?" मुलीनं विचारलं.

"तुझ्या बाबांना त्रास नाही पडणार," आई म्हणाली.

मुलगी बस चालवायला शिकत होती. परीक्षेत गाडी मागे घेताना खुणेला उभा केलेला खांब पडायचा, म्हणून ती एकदा नव्हे, दोनदा नापास झाली होती. एका संध्याकाळी ती आली ती दारातूनच म्हणाली, "झाले पास. एकही खांब हलला नाही. परीक्षक खाली उतरून बघून आला."

आईनं सोफ्याकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली. बाबांनी घसा खाकरला. मुकादम कान टवकारून वाट पाहत होता.

"एवढंच?" मुलगी म्हणाली. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि आपल्या खोलीकडे वळली.

घड्याळजी उठले. इतकी वर्षं त्यांना शब्द सापडत नसत. आज ते तोंडात दाटून आले होते. त्यांनी साखळी घेतली.

"चप्पल घाल," ते म्हणाले. "खाली चल."

"कशाला?"

"चल म्हणतो ना."

खांबाशी पोचल्यावर त्यांनी मुलीला समोर उभं केलं आणि छाती भरून श्वास घेतला. "शाब्बास," ते म्हणाले. समोरची खिडकी उघडली. "शाब्बास पोरी. कमाल केलीस. एवढं मोठं धूड मागे घ्यायचं म्हणजे खेळ नाही. माझी मुलगी बस चालवते, ऐकलंत का हो, बस."

मुकादमानं तत्परतेनं पाय वर केला. मुलगी हसत होती आणि बाहीनं डोळे पुसत होती. "बाबा, बस झालं. लोक बघतायत."

"बघू देत."

तेवढ्यात जिन्यावर घाईघाईनं पावलं वाजली. बायको खाली आली. मुलीला जवळ घेऊन तिनं तिच्या कानाशी बरंच काही सांगितलं. मग पदर सारखा करून ती खांबाशेजारी नवऱ्यासमोर उभी राहिली.

"गळका नळ आज मी एकटीनं बसवला," ती म्हणाली. "प्लंबर न बोलावता."

घड्याळजींनी पुन्हा श्वास भरला. मुकादमापाशी आता थेंबही उरला नव्हता. तरी त्यानं पाय वर केला आणि त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत तो तसाच तीन पायांवर उभा राहिला.