बाईंचं उत्तेजनार्थ बक्षीस

छापील चित्रात रंग भरणं म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास गिळणं, असं ड्रॉइंगच्या बाई चौतीस वर्षं वर्गात सांगत आल्या होत्या. नुसत्या सांगत नव्हत्या. कुणाच्या दप्तरात रंगवायचं पुस्तक सापडलं की ते जप्त होई, आणि वर्षाअखेरीस बाईंच्या कपाटातून रद्दीचा चांगला जाडजूड गठ्ठा निघे. 'हातात पेन्सिल आहे ना? मग झाड स्वतःचं काढ,' हे त्यांचं वाक्य इतकं गाजलेलं होतं की मधल्या सुट्टीत बाईंची नक्कल करताना मुलांना तेवढं एक वाक्य पुरायचं.

त्यामुळे निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी सूनबाईनं परदेशातून पाठवलेल्या पार्सलमधून मोठ्या माणसांसाठीचं रंगवायचं पुस्तक निघालं, तेव्हा बाईंना भर चौकात कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सोबत रंगीत पेन्सिलींचा डबा होता आणि चिठ्ठी होती. 'आई, हल्ली सगळेच हे करतात. मन शांत होतं.' बाईंनी फोनवर 'छान आहे गं' म्हणून सांगितलं आणि पुस्तक कपाटात शालींच्या खाली ढकललं. मनाचं माहीत नाही, पण घर शांतच होतं. इतकं, की फ्रिजची घरघर थांबली की कुणीतरी बोलता बोलता गप्प झालं असं वाटे.

यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगा दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करी. गुडघे, गोळ्या, तिकडची हवा, इकडची हवा, सगळं सात मिनिटांत आटपे. शेवटी नऊ वर्षांची नात पडद्याच्या कोपऱ्यातून डोकावून 'हाय आजी बाय आजी' असं एका दमात म्हणून जाई. त्या हाय आणि बायच्या मधे विचारायला बाई आठवडाभर प्रश्न जमवत, पण तेवढी फट काही सापडत नसे.

एका बुधवारी दुपारी, म्हणजे मागचा रविवार आणि पुढचा रविवार दोन्ही जवळजवळ सारखेच लांब असतात त्या वारी, बाईंनी ते पुस्तक बाहेर काढलं. रंगवायला नव्हे. चित्रं किती वाईट काढली आहेत ते बघायला. पहिल्याच पानावर घनदाट जंगल होतं, पानांत पानं, वेलींत वेली, आणि एका पक्ष्याचा पंख साफ चुकला होता. तेवढा पंख सावली देऊन सुधारावा म्हणून बाईंनी पेन्सिलीला टोक केलं. मान वर केली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि चहा राहून गेला होता.

तीन आठवड्यांत पुस्तक संपलं. आता पंचाईत आली.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात या पुस्तकांचं एक अख्खं कपाट होतं, आणि त्याच्यासमोर कायम गर्दी. दातांची डॉक्टर तिथे, बँकेतला कॅशियर तिथे, एक बसड्रायव्हर तर गणवेशातच दोन पुस्तकं काखोटीला मारून उभा होता. बाई खोडरबर निवडण्याच्या मिषानं पंधरा मिनिटं थांबल्या, गर्दी हटल्यावर सगळ्यात जाड पुस्तक उचललं आणि दुकानदारानं विचारण्याआधीच म्हणाल्या, "नातीसाठी. नऊ वर्षांची आहे."

दुकानदार सरळ माणूस. हे फार बारीक काम आहे, लहान मुलांचे डोळे दुखतील, नऊ वर्षांच्या मुलीला ससा-हत्तीचं न्या, असं तो काकुळतीनं सांगू लागला. तिथे बाईंचा स्वाभिमान आडवा आला. "माझी नात आहे ती," त्या म्हणाल्या. विषय संपला.

म्हणजे त्यांना वाटलं संपला. दुकानदाराला त्या पोरीचं भलतंच कौतुक वाटू लागलं. बाई दुकानात आल्या की तो तिची चौकशी करी, आणि बाईही हळूहळू सांगू लागल्या. तिला हिरव्याच्या सात छटा ओळखता येतात. ती डावखुरी आहे. काल म्हणाली, आजी, तुझ्या केसांचा रंग ढगांना देऊ का? खरं सांगायचं तर दुकानातली नात पडद्यावरच्या नातीपेक्षा कितीतरी बोलकी होती. बाई पेन्सिल संपायच्या आतच नवी आणायला जाऊ लागल्या.

चौथ्या पुस्तकाचा कागद मात्र हलका निघाला. बाईंच्यातली मास्तरीण जागी झाली. त्यांनी एक रंगवलेलं पान फाडून दुकानात नेलं आणि एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला कसा उमटतो ते दाखवून कंपनीला कळवायला सांगितलं. दुकानदारानं पान ठेवून घेतलं. पण त्याला कागद दिसलाच नाही, चित्रच दिसलं. दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यानं मुलांची रंगभरण स्पर्धा ठेवली होती. बाईंना चकित करावं म्हणून त्यानं ते पान आठ ते दहा वर्षांच्या गटात परस्पर देऊन टाकलं.

दहा दिवसांनी त्याचा फोन आला. नातीला बक्षीस लागलंय, शनिवारी चार वाजता दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये तिला घेऊन या. तिला ताप आहे, असं त्यांनी सांगितलं. मग तर आम्हीच घरी येतो, म्हणाला, परीक्षक, सगळी मुलं, पंधरा-वीस माणसं होतील फार तर. बाईंनी आपल्या बैठकीच्या खोलीकडे पाहिलं. एक खुर्ची, एक ताट, एक कप. त्या घाईघाईनं म्हणाल्या की तापाची साथ आहे, मीच येऊन घेऊन जाते.

शनिवारी इस्त्रीची साडी नेसून बाई शेवटच्या रांगेत बसल्या. जायचं, बक्षीस घ्यायचं, आभार मानायचे, निघायचं, असा बेत होता. परीक्षक म्हणून त्यांच्याच शाळेतली नवी ड्रॉइंगची बाई आली होती. तरुण, केस कापलेली, बाईंच्या जागेवर आलेली. पहिलं बक्षीस एका मुलीच्या जांभळ्या झाडाला मिळालं. झाडाची निम्मी पानं रेषेबाहेर, दोन तर कागदाबाहेर जायच्या बेतात. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग दुसरं झालं, तिसरं झालं. सगळ्यात शेवटी, उत्तेजनार्थ म्हणून, बाईंच्या नातीचं नाव पुकारलं गेलं.

उत्तेजनार्थ. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर, आठ ते दहा वर्षांच्या गटात, उत्तेजनार्थ.

बाई व्यासपीठावर चढल्या तेव्हा त्यांचा बेत अजून शाबूत होता. पण त्या तरुण बाईनं प्रेमानं चार शब्द सांगायचं ठरवलं. म्हणाली, या मुलीचा हात विलक्षण आहे, पण चित्रात जीव गुदमरलाय. प्रत्येक रेषेपाशी येऊन पेन्सिल थबकलीय, जणू मागे कुणी पट्टी घेऊन उभं आहे. घरी तिला जरा मोकळं सोडा, फार रागावू नका.

"कोण रागावतं?" बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. पुढच्या रांगेतली मुलं आपोआप ताठ बसली.

तसं नाही, पण घरात कुणी कडक असलं तर मुलं बिचकतात, असं ती समजावू लागली.

"घरात कुणी नाही," बाई म्हणाल्या. "कडक नाही, मऊ नाही, कुणीच नाही. मी एकटीच असते."

दुकानदारानं हळूच विचारलं, मग नात? ती नसते इथे, बाई म्हणाल्या, तिला तर ठाऊकही नाही. चित्र मी रंगवलंय. आणि एवढं झाल्यावर थांबायचं, तर त्या थांबल्या नाहीत. जांभळ्या झाडाची सावली चुकीच्या बाजूला पडली आहे, हेही त्यांनी परीक्षकांच्या नजरेस आणून दिलं. कित्येक महिन्यांत त्यांना कुणाशी धड वादसुद्धा घालायला मिळाला नव्हता. तो सगळा साठा एकदम बाहेर आला.

तेवढ्यात पहिल्या बक्षिसाच्या मुलीनं निरागसपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही नऊ वर्षांच्या आहात?"

मुलं हसली, मग मोठी माणसंही हसली. तिचे वडील मात्र उठून उभे राहिले आणि वयोगटाचा नियम काय आहे ते आयोजकांनी स्पष्ट करावं म्हणाले. दुकानदार घामाघूम झाला. त्यानं चष्मा पुसला, बाईंकडे पाहिलं, नियमांचा कागद पाहिला. शेवटी उत्तेजनार्थ बक्षीसही बाईंच्या हातून काढून घेऊन एका मुलाला देण्यात आलं. त्यानं अर्धंच चित्र रंगवलं होतं, कारण बाकीच्या अर्ध्यावर त्याचं दूध सांडलं होतं. बाईंना एक प्लेट बिस्किटं मिळाली. त्यांनी ती उभ्यानंच खाल्ली. निघताना तरुण बाई जिन्यापर्यंत आली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण बाईंनी 'सावकाश उतरते मी' म्हणून तिला परत पाठवलं. घरी पोचल्यावर त्यांना वाटलं, बोलू द्यायला हवं होतं.

रविवारी मुलाचा फोन आला. गुडघे झाले, गोळ्या झाल्या, हवा झाली. पाचव्याच मिनिटाला बोलणं संपत आलं तेव्हा बाईंनी लाज गिळून सगळी हकीकत सांगून टाकली. मुलगा इतका हसला की चहा सांडला, आणि ते ऐकून नात धावत आली. पहिल्यांदाच ती कोपऱ्यातून मधोमध आली. तिनं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ते काका उभे राहिले तेव्हा तुला भीती वाटली का, बिस्किटं कसली होती, जांभळं झाड खरंच छान होतं का. बाई सांगत राहिल्या. छानच होतं, हेही त्यांनी कबूल केलं.

मग नातीच्या एकदम लक्षात आलं.

"थांब आजी. नाव माझं दिलं होतं?"

"हो गं."

"म्हणजे बक्षीस मला लागलं होतं?"

"तसं म्हटलं तर, हो."

"मग तू बोललीस कशाला?" ती कळवळून म्हणाली. गप्प बसायचं होतंस की, मला आजवर एकही बक्षीस मिळालेलं नाही, असं ती बराच वेळ भांडत राहिली आणि बाई जन्मात पहिल्यांदा कुणाची बोलणी इतक्या आनंदानं खात राहिल्या. शेवटी तिनं विचारलं, बक्षीस होतं तरी काय?

"बारा रंगीत खडू," बाई म्हणाल्या.

"एवढंच? मग जाऊ दे. बाय आजी."

पडदा काळा झाला. एकतीस मिनिटं, असं फोन दाखवत होता. बाईंनी ते दोनदा वाचलं, फोन उपडा ठेवला आणि पुढच्या रविवारच्या आत आता आणखी कुठे जाऊन फजिती करून घेता येईल, याचा त्या गंभीरपणे विचार करू लागल्या.